खडीसाखर विरघळेपर्यंत

थांबा थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, कारण हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय आणि तोंडाने सांगता येत नाहीये. माझ्या तोंडात बोराएवढा खडीसाखरेचा खडा आहे आणि तो विरघळेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही असा नियम आहे. टाइप करायचं नाही असा नियम मात्र कोणी केलेला नाही, म्हणून मी सैपाकघराच्या दारात फरशीवर बसून टॅबवर दोन्ही अंगठ्यांनी बडवत सुटलेय. नियम कोणाचा? आमच्या ओवीच्या बाईंचा. आणि बाईंबद्दल एकच गोष्ट आधी छातीठोकपणे सांगते: अख्ख्या नाशिक जिल्ह्यात, म्हणजे इगतपुरीपासून मालेगावपर्यंत, वाट बघण्यात त्यांचा हात धरणारा माणूस जन्माला आलेला नाही. लोक बसची वाट बघतात, निकालाची बघतात, पण ती सगळी नाइलाजाने. बाई आवडीने बघतात. एखाद्याला मिसळ आवडते तशी त्यांना वाट बघणं आवडतं.

ओवी म्हणजे माझ्या दादाची मुलगी, सहा वर्षांची. मी तिची आत्या, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, सकाळची लेक्चरं आटोपून दुपारी घरी. ओवीला जन्मापासून एक आजार आहे, जनुकांमधला एक बारकासा तुकडाच कमी आहे. त्याचं नाव इतकं लांब की रिपोर्टच्या कागदावर ते दोन ओळींत मोडून लिहिलंय, आणि आजार इतका दुर्मीळ की दवाखान्यात गेलो की आम्हीच डॉक्टरांना समजावून सांगतो. ओवी बोलत नाही. हाक मारली तर बघतेच असं नाही. पण मिक्सर सुरू झाला की धावत येते, कुकरच्या शिट्टीआधीचा जो सूंऽऽ आवाज असतो ना, त्याला मान डोलवते. हे कोणीतरी बाईंना सांगितलं आणि दोन वर्षांपूर्वी बाई आमच्या सातपूरच्या फ्लॅटच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

उभ्याच राहिल्या. हे मी शब्दशः सांगतेय. बाई बेल वाजवत नाहीत. त्या दारावर बोटांनी 'टक टक, टटक टक' असं वाजवतात आणि आतून 'टक टक' असं उत्तर येईपर्यंत हलत नाहीत. पहिल्या दिवशी हे आम्हाला काय माहीत? दादाला वाटलं वरच्या मजल्यावर सुताराचं काम चाललंय. दहा मिनिटांनी समोरच्या काकू म्हणाल्या, "अहो बाई, दार उघडंच आहे की! नुसतं लोटलंय." तर बाई शांतपणे म्हणाल्या, "उघडं आहे ते दिसलं मला. पण उत्तर कुठे आलंय?" शेवटी दादाने वैतागून आतून दोनदा थापट मारली, तेव्हा बाई पदर सावरत आत आल्या आणि म्हणाल्या, "आता बोलणं सुरू झालं." दादा हळूच मला म्हणाला, "ह्यांना नक्की मुलांसाठीच बोलावलंय ना?"

बाई मूळच्या कळवणच्या. सायखेड्याच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवलं, रिटायर झाल्यावर घरच्यांना वाटलं आता तीर्थयात्रा करतील, तर ह्या बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर म्युझिक थेरपीचा कोर्स केला. वर्गात सगळी माझ्याएवढी मुलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "हे बघा, आजार माझ्या गाण्याने जायचा नाही. तशी आशा लावू नका. माझं काम एवढंसंच. बोलणं म्हणजे आधी शब्द नसतात, पाळी असते. मी काहीतरी करते, मग थांबते, मग तू करतेस. हे ओवीला गाण्यातून कळलं तरी खूप झालं." मग पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागल्या. टाळ, घुंगरांची पट्टी, दुधाच्या पावडरीचा डबा, त्यात सातपूरच्या एका वर्कशॉपमधून मागून आणलेले बेअरिंगचे छर्रे, आणि एक पितळेचं पातेलं. त्या पातेल्याची वेगळीच कथा आहे. भांडी बाजारात बाईंनी दुकानातलं प्रत्येक पातेलं टिचकी मारून ऐकलं होतं. दुकानदार आधी कौतुकाने बघत होता, मग घाम पुसायला लागला. "बाई, किती लिटरचं पाहिजे ते सांगा ना." "लिटरचं नको हो, सा लागणारं पाहिजे." "पण यात वरण शिजवायचंय ना?" बाई म्हणे त्याच्याकडे दयेने बघून म्हणाल्या, "वरणाने खराब होईल ते." 

बाईंची खरी खोड म्हणजे अर्धं सोडणं. गाण्याची ओळ म्हणायची आणि शेवटचा तुकडा समोरच्यासाठी ठेवायचा. ओवीसाठी त्यांनी गाणं केलं होतं, "कोण आलं, कोण आलं, आमच्या घरी कोण आलं…" आणि मग पातेल्यावरचे दोन ठोके ओवीचे. बाई हात वर धरून थांबायच्या. डोळे मोठे, भुवया वर, श्वाससुद्धा अर्धा. पण ही खोड ओवीपुरती राहिली असती तर ठीक होतं. त्या जगातल्या प्रत्येक माणसाला पाळी द्यायच्या. एकदा मला मिसळ खायला घेऊन गेल्या आणि वेटरला म्हणाल्या, "दोन मिसळ, आणि एक…" आणि थांबल्या. भुवया वर. वेटर म्हणाला, "एक काय?" बाई गप्प. मी मरायला टेकले. मागे रांग लागलेली. वेटरने माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि शेवटी घाबरत म्हणाला, "…ताक?" "हां!" म्हणून बाईंनी अशी मान डोलावली की त्या माणसाचा चेहराच फुलला. बाईंना सर्दी झालेली होती आणि ताक त्यांना मुळात आवडत नाही, तरी अख्खा ग्लास प्यायल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याने पाळी घेतली ना? मग मला ऐकायला नको?"

आणि रिक्षाची गंमत तर सांगितलीच पाहिजे. बाई, ओवी आणि मी रिक्षाने कॉलेज रोडला चाललो होतो. रिक्षावाल्याने वळायला इंडिकेटर लावला, टिक-टॉक, टिक-टॉक, आणि ओवी मांडीवर हात आपटायला लागली. बरोब्बर तालात! वळण झालं, त्याने इंडिकेटर बंद केला, ओवीचा हात थांबला. बाईंनी मागून त्याचा खांदा धरला, "दादा, तो दिवा चालू करा परत." "अहो पण सरळ जायचंय!" "सरळच जा, पण टिक-टॉक पाहिजे." मग आम्ही कितीतरी सिग्नल डावीकडे वळतोय वळतोय असं दाखवत सरळ गेलो. मागचे सगळे हॉर्न मारून हैराण. रिक्षावाला रडकुंडीला आला, "मावशी, लोक शिव्या घालताहेत हो मला!" "घालू द्या. पण ओवीने दोन वेळा मधे थांबून बघितलं तुमच्याकडे, ते बघितलंत का?" त्याने आरशात बघितलं. ओवी खरंच त्याच्या पाठीकडे बघत होती. त्यानंतर तो स्वतःहून अधूनमधून इंडिकेटर बंद करायचा, थांबायचा, परत लावायचा. उतरताना म्हणाला, "उद्या पण यायचंय का?"

बाई कधीच शाबासकी देत नाहीत, हेही विचित्र. ओवीने पातेल्याला नुसतं बोट लावलं तरी मी टाळ्या वाजवून "शाब्बास माझी राणी! वहिनी, बघितलंस का? परत कर, परत कर!" असा दंगा करायचे. बाई कपाळाला हात लावायच्या. "अगं, तू कोणाशी बोलायला गेलीस, एक वाक्य बोललीस आणि त्याने टाळ्या वाजवल्या, तर पुढे काय बोलशील? संपलं की बोलणं." मग एकदा त्यांनी मोबाइलवर सेशनचा व्हिडिओ काढून मला दाखवला. देवा. पूर्ण व्हिडिओभर मीच. बाई गाणं अर्धं सोडायच्या आणि ओवीच्या आधी मीच पातेलं बडवायचे, नाहीतर तिचा हात धरून बडवायचे, नाहीतर "ओवी, वाजव ना, वाजव ना" असा जप. आणि त्या व्हिडिओत एका कोपऱ्यात दिसत होतं की माझ्यामागे ओवीचा हात वर उठलेला होता. हवेत. मी वाजवून टाकलं आणि तो खाली गेला. बाईंनी तिथे व्हिडिओ थांबवला. मग पिशवीतून स्टीलची डबी काढली, खडीसाखरेचा सगळ्यात मोठा खडा निवडला आणि म्हणाल्या, "आ कर. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायची नाही." मी पाच मिनिटांत चावली. बाई पाठमोऱ्या होत्या, तरी म्हणाल्या, "कुडुम ऐकलं मी. तुले काय घाई शे?" चिडल्या की बाई अहिराणीवर जातात. पुढे वर्षभर मी इतकी खडीसाखर खाल्ली की दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तू देवळात राहतेस का?

आता वहिनीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठी होतं. वहिनी कंपनीत असेंब्लीवर आहे, फर्स्ट शिफ्ट. चारच्या सुमारास घरी येते. रोज दारातून "ओवीऽऽ, आई आली" म्हणायची आणि रोज ओवी आपली खिडकीच्या जाळीवरून बोटं फिरवत बसलेली असायची. एकदा वहिनी भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलेय, गेलेय, हे तिला कळत असेल का गं? की मी आपली अशीच कोणीतरी घरात वावरते?" मी ते बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, उद्यापासून वहिनीने बेल वाजवायची नाही. किल्लीही लावायची नाही. दारावर वाजवायचं, टक टक, टटक टक, आणि आतून ओवीने उत्तर द्यायचं. मी दरवाज्याजवळ ओवीचं पातेलं ठेवून लांब बसायचं. गप्प. उत्तर नाहीच आलं तर वहिनीने पुन्हा वाजवायचं, आणि फार झालं की मग मी दार उघडायचं.

महिने गेले हो, महिने! वहिनी आठ तास उभी राहून येणार, मग जिन्यात उभी राहणार. टक टक, टटक टक. आत ओवी जाळीपाशी. मी खडीसाखर चघळत. कधी ओवी मान वळवायची, कधी तेही नाही. मग मी दार उघडायचे आणि वहिनी हसून म्हणायची, "आज नाही का? बरं." ते "बरं" मला ऐकवायचं नाही. आणि मग एक दिवस मी ती चूक केली. दिवाळीच्या आधीचे दिवस, ओव्हरटाइम चाललेला, वहिनीचा चेहरा उतरलेला. तिने वाजवलं. ओवी उठून दाराजवळ आली, पातेल्यापासून हातभर लांब उभी राहिली. आता वाजवेल, आता वाजवेल… आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी वाकले आणि पातेल्यावर वाजवलं. टक टक.

बाहेरून आधी काहीच आवाज नाही. मग वहिनीचं रडणं. दार उघडलं तर तिने ओवीला असं कवटाळलं की मला तोंडच उघडता येईना. उघडायला हवं होतं. मी म्हणणारच होते, पण तोवर तिने दादाला फोन लावला होता, माहेरी लावला होता, आणि संध्याकाळी दादा पेढे घेऊन आला. वहिनी स्वतः प्रत्येक मजल्यावर पेढे देऊन आली, "आमच्या ओवीने उत्तर दिलं." समोरच्या काकूंनी ओवीची दृष्ट काढली. मी बाथरूममध्ये जाऊन बसले.

दोन दिवसांनी बाई आल्या. वहिनीने सुट्टी काढलेली, पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. बाईंनी पेढा घेतला नाही. म्हणाल्या, "कसं वाजलं, मला वाजवून दाखव." वहिनीने टेबलावर वाजवलं, टकटक, ठणठणीत, झटपट. बाईंनी वहिनीकडे बघितलंच नाही, सरळ माझ्याकडे बघितलं. "ओवी उशिरा वाजवते," त्या म्हणाल्या, "आणि हलकं. हे घाईच्या माणसाचं आहे." मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. मला वाटलं वहिनी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं, तो फ्रिजमध्ये ठेवला आणि ओवीचे केस विंचरायला बसली. ते पेढे कोणीच खाल्ले नाहीत. पुढचा आठवडाभर ती आली की नुसती बेल वाजवायची. ती साधी टिंगटाँग बेल, पण मला ती त्याआधी एवढी मोठी कधी वाटली नव्हती.

बाई मला जिन्यात घेऊन गेल्या. मी हमसून हमसून रडत होते. म्हणाल्या, "तू वाईट नाहीयेस गं. नुसती लवकर आहेस." मग त्यांनी काय करावं? पुढच्या सोमवारपासून त्या रोज पावणेचारला येऊन आमच्या जिन्यात बसायला लागल्या, किलोभर मटार घेऊन. वहिनी आली की तिला बाजूला बसवायच्या. एकदा दार वाजवायचं, मग दोघींनी मटार सोलायचे. पुन्हा वाजवायचं, पुन्हा मटार. बिल्डिंगमधली माणसं त्यांच्यावरून ढांगा टाकत वर-खाली जायची. कोणी विचारलं, "किल्ली हरवली का?" तर बाई म्हणायच्या, "नाही हो, गप्पा चालल्यात." "कोणाशी?" बाई दाराकडे बोट दाखवायच्या. पहिल्या दिवशी वहिनी अवघडून बसली, चौथ्या दिवशी मी आतून तिचं हसणं ऐकलं. त्या महिन्यात आम्ही मटार उसळ, मटार भात, मटार करंजी, मटार पराठे खाल्ले. दादा म्हणाला, आता ओवी नाही बोलली तरी चालेल पण बाईंना म्हणावं गवार आणा.

आणि गेल्या महिन्यात बाई गेल्या. म्हणजे कळवणला गेल्या, घाबरू नका. तिकडच्या पाड्यांवरून चार-पाच मुलं त्यांच्याकडे यायची, ओवीसारखीच, कोणाला हा आजार कोणाला तो. आईबाप दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून यायचे. बाई म्हणाल्या, "त्यांनी किती दिवस यायचं? मीच जाते." निघायच्या दिवशी त्यांनी निरोपाचं गाणं म्हटलं, "जातं कोण, जातं कोण, आमच्या घरून जातं कोण…" आणि हात वर धरून थांबल्या. ओवी जाळीपाशी. बाई थांबल्या. त्यांची एक एसटी गेली. आम्ही चहा केला, तो गार झाला. दुसरी एसटी गेली. दादा घड्याळ बघायला लागला तेव्हा बाईंनी हळूच हात खाली घेतला. "राहू दे. तिची पाळी तिच्याजवळ राहू दे," म्हणाल्या. पातेलं ओवीला ठेवलं, खडीसाखरेची डबी मला. जिना उतरताना मी पहिल्यांदाच बघितलं की त्यांना गुडघ्यांचा किती त्रास होतो. महिनाभर जिन्यात बसल्या होत्या त्या.

तर आज. आत्ता. चारला वहिनी आली. टक टक, टटक टक. मी खडा तोंडात टाकला. ओवी जाळीवरून उठली. दाराजवळ गेली. पातेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. तळहात दाराला लावला, कान लावला. मी दोन्ही हात पायांखाली दाबून बसले, खरंच सांगते, हातांवरच बसले! बाहेर शांत. आत शांत. इतका वेळ गेला की मला वाटलं वहिनी आता बेल वाजवणार. आणि ओवीने बोटाने दारावर वाजवलं. टक. मग मोठ्ठी गॅप. टक.

बाहेरून वहिनीचा बारीक आवाज आला, "…तू आहेस का गं?"

मला विचारत होती. बरोबरच होतं तिचं. आणि मी बोलू शकत नव्हते. खडा थुंकला असता, ओरडले असते की नाही गं, नाही, ही तीच आहे, तर माझाच आवाज मधे आला असता. मी गप्प बसले. वहिनीने पुन्हा वाजवलं, अगदी हळू. पुन्हा तेवढीच वाट. मग एक ठोका कमी, एक जास्त, कुठल्याही तालात न बसणारं, हलकं, उशिरा. असं मला सात जन्मांत वाजवता आलं नसतं. दाराखालच्या फटीतून वहिनीच्या चपला दिसत होत्या, त्या मागे सरकल्या, डब्याची पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला, आणि ती तिथेच पायरीवर बसली. शाब्बास म्हणाली नाही. तिने परत वाजवलं.

दार अजून उघडलेलंच नाहीये! हा माझा तिसरा खडा. मधे दादा आला असावा, कारण एक मोठा, बेसूर टक टक ऐकू आला आणि वहिनीने त्याला "श्शू" केलं. मी बाईंना मेसेज टाकला, 'ओवी दार वाजवतेय.' लगेच त्यांचा फोन आला. मी उचलला, पण बोलणार कशी, म्हणून फोन तसाच फरशीवरून दारापर्यंत सरकवला. पलीकडून कळवणच्या स्टँडवरचा कंडक्टर ओरडताना ऐकू आला, एक हॉर्न ऐकू आला. ओवीने वाजवलं, वहिनीने वाजवलं. आता पाळी बाईंची होती. मी वाट बघितली. ज्या बाईंनी आयुष्यात कधी कोणाचा ठोका बिनउत्तराचा सोडला नाही, त्या गप्पच. फक्त नाक ओढल्याचा आवाज आला, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. फोन अजून चालू आहे. मी काही म्हटलेलं नाही.

तुमच्याकडे झालंय का हो असं कधी? म्हणजे कोणाचं तरी उत्तर येतच होतं, आणि घाईत तुम्हीच देऊन टाकलंत? आणि मग खरं आलं, तेव्हा कळलं, की आधीचं किती वेगळं होतं? सांगा ना. सावकाश सांगा. डबीत अजून बरेच खडे आहेत.